दप्तर नाही, मग त्या दिवशी शाळेत शिकायचं काय? सहावी ते आठवीच्या उपक्रमांमागचं गणित

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: 'उद्या दप्तर आणू नये. डबा, पाण्याची बाटली आणि टोपी आणावी.' मुलं खूश. पालकांच्या ग्रुपवर मात्र लगेच विचारणा सुरू होते. उद्या शिकवणार नाहीत का? सहल आहे का? वेगळे पैसे भरायचे आहेत का?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दप्तराविना दिवस, क्षेत्रभेट, स्वच्छता मोहीम, वृद्धाश्रमाला भेट, परसबाग, भाजीबाजाराचं सर्वेक्षण असे उपक्रम आता शाळांच्या वार्षिक नियोजनात सर्रास दिसतात. त्यातल्या कशातून मूल काही शिकतं आणि कशातून फक्त फोटो निघतात, हे समजून घेऊ.

सहावी ते आठवीच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या वर्गांसाठी एक वेगळी तरतूद आहे. सहावी ते आठवीदरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना काढावेत आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांसोबत राहून त्यांचं काम शिकावं, असं धोरण सांगतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्या 'एनसीईआरटी'च्या भोपाळमधल्या व्यवसाय शिक्षण संस्थेने तयार केल्या आहेत.

दहा दिवस सलग घ्यावेत अशी सक्ती नाही, वर्षात दोन-तीन टप्प्यांत घेता येतात. उपक्रमांचे गट तीन: विज्ञान, पर्यावरण आणि तंत्रज्ञान, सार्वजनिक कार्यालयं, स्थानिक उद्योग आणि व्यवसाय, कला, संस्कृती आणि इतिहास. सुचवलेल्या उपक्रमांत बायोगॅस प्रकल्पाला भेट आहे, भाजीबाजाराची पाहणी आहे, सेवाभावी संस्थांना भेट आहे, पतंग बनवणं आणि उडवणंही आहे.

'एनसीईआरटी'ने याच वर्गांसाठी 'कौशल बोध' ही पुस्तकंही काढली आहेत. मुलांनी दरवर्षी तीन प्रकल्प करायचे: एक सजीवांसोबतच्या कामाचा, एक यंत्रं आणि साहित्याच्या कामाचा आणि एक माणसांना सेवा देण्याच्या कामाचा. म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प. समाजसेवा म्हणून आपण जे ओळखतो, ते या तिसऱ्या प्रकारात येतं.

अकरा ते चौदा हे वयही या कामाला सोयीचं आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला बाजारात एकट्याने चार प्रश्न विचारणं जड जातं, आणि नववीत गेलं की क्लास आणि दहावी सुरू होते. मधली तीन वर्षं त्या मानाने मोकळी असतात.

हे नवं आहे का? अजिबात नाही

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधारे, ही मांडणी तिथे झाली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हीच 'नई तालीम'. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, हा त्यातला विचार तेव्हाही वादाचा ठरला होता आणि ते योग्यच होतं. पण सूत कातताना गणित शिकता येतं, कापसाच्या निमित्ताने भूगोल आणि इतिहास शिकता येतो, ही बाजू आजही टिकून आहे. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती, स्वयंपाक आणि विणकाम हा अभ्यासाचाच भाग आहे.

त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि समाजसेवा हे शिक्षणाचे अविभाज्य भाग असावेत, असं सांगितलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संकल्पना मांडली. आपल्या वेळापत्रकात यातलं जे उरलं, ते म्हणजे 'कार्यानुभव' हा तास.

आता ज्यांनी हा तास अनुभवलाय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आमच्या शाळेत तो बहुतेक वेळा गणिताच्या सरांकडे जायचा. वर्षाअखेरीस दुकानातून आणलेल्या थर्माकोलची एक वस्तू जमा केली की झालं! एकदा स्वच्छता मोहिमेसाठी आम्हाला झाडू देऊन रांगेत उभं केलं होतं. अंगण सकाळीच शिपायांनी झाडून ठेवलेलं. फोटो निघाला, झाडू परत गेले. धोरण चांगलं असूनही ते वर्गापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचं काय होतं, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

भेट, सेवा आणि सेवेतून शिक्षण: फरक कुठे आहे?

पोस्ट ऑफिस बघून येणं ही झाली भेट. पोस्टाच्या आवारात झाडं लावणं ही झाली सेवा. दोन्हीत वाईट काही नाही, पण अभ्यासाशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. तिसरा प्रकार असतो तो सेवेतून शिक्षणाचा. यात मुलं एखादा खरा प्रश्न हाती घेतात, वर्गात शिकलेलं त्यासाठी वापरतात आणि काम झाल्यावर त्यावर पुन्हा विचार करतात.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्यांना अशी सेवा सक्तीची आहे. राज्याच्या नियमात ७५ तासांचा पर्याय आहे आणि त्याची सुरुवात माध्यमिक शाळेच्या आधीच्या वर्गांपासून करता येते. तिथे नुसते तास मोजून भागत नाही. पूर्वतयारी, प्रत्यक्ष काम आणि त्यानंतरचं चिंतन असे तीन टप्पे धरले जातात. आपल्याकडे बहुतेकदा मधला टप्पा तेवढा होतो. आधी कुणी काही सांगत नाही, नंतर कुणी काही विचारत नाही.

एका गळक्या नळाचं उदाहरण

समजा, सहावीच्या वर्गाने शाळेतला एक गळका नळ निवडला. खर्च शून्य, बस नको, परवानगीचे कागदही नकोत.

नळाखाली दहा मिनिटं मोजपात्र ठेवायचं. साधारण सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर पात्रात सुमारे ३० मिलिलिटर पाणी जमतं. म्हणजे तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर आणि महिन्याला जवळपास १३० लिटर. पाण्याचे वीस लिटरचे साडेसहा जार! एका नळाचं हे असं, तर शाळेतल्या सगळ्या गळक्या नळांचं किती? इथे गुणाकार आला, एककांचं रूपांतर आलं, स्तंभालेख आला. प्रत्येक गटाचं मोजमाप थोडं वेगळं येईल. ते का, आणि सरासरी कशासाठी काढायची, हे मुलांना तेव्हा समजतं.

मग नळ गळतो का, हा प्रश्न. जवळच्या प्लंबरकाकांना अर्ध्या तासासाठी बोलवायचं. ते नळ खोलून झिजलेला वायसर दाखवतील. धोरणात म्हटलेला 'स्थानिक कारागीर' तो हाच. मुलांनी आधीच प्रश्न काढून ठेवले असतील तर हा अर्धा तास कुठल्याही पाहुण्यांच्या भाषणापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

यानंतर मुलं शाळेबाहेर पडतात. गावातले किंवा वॉर्डातले सार्वजनिक नळ बघतात, नोंद करतात आणि ग्रामपंचायतीला किंवा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र लिहितात. मराठीच्या पेपरात औपचारिक पत्र असतंच, पण हे पत्र खऱ्या पत्त्यावर जातं. राज्य मंडळाच्या सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन आहे. पाणीपुरवठ्याची जबाबदारी कुणाची, हे तिथे वाचलेलं इथे उपयोगी पडतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर? तर स्मरणपत्र लिहायचं. सरकारी कार्यालयाशी व्यवहार कसा करतात, याचा तोही धडाच.

पाबळचा प्रयोग

याच विचाराने दीर्घकाळ चाललेलं काम बघायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं विज्ञान आश्रम बघावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ते सुरू केलं. अन्नतंत्रज्ञानाचे हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात आले. हाताने काम करता करता शिकणं हीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत आहे, ही त्यांची धारणा होती.

तिथून 'मूलभूत तंत्रज्ञान परिचय' हा अभ्यासक्रम उभा राहिला. तो आठवी ते दहावीसाठी आहे, आणि त्यात विद्यार्थी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत काम करतात. शिकवणारे अनेकदा गावातलेच कुशल लोक असतात. या अभ्यासक्रमात गावाला लोकोपयोगी सेवा द्यायची असते: माती परीक्षण, वायरिंगची छोटी कामं, लोखंडी वस्तू बनवणं. मोजमाप चुकलं तर दार चौकटीत बसत नाही, आणि हे सांगायला परीक्षक लागत नाही.

झाडू कुणाच्या हातात?

सेवेच्या उपक्रमांबद्दल बोलताना हा विषय टाळला जातो, म्हणून जरा थांबून.

आपल्या समाजात सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलं गेलं. त्यामुळे शाळेत कोण झाडतं, कोण पाणी भरतं आणि कोण नुसतं उभं राहून देखरेख करतं, याकडे बारकाईने बघायला हवं. पाळीची यादी हजेरीपटाच्या क्रमाने लावलेली असावी, त्यात मुलगे-मुली सगळे असावेत आणि शिक्षकांचीही नावं असावीत. शिक्षा म्हणून सफाई करायला लावणं तर पूर्णपणे चूक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे.

दुसरी सीमारेषा बालमजुरीची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवायला कायद्याने मनाई आहे. घरच्या कामात शाळेनंतर हातभार लावणं आणि कलाकार म्हणून काम करणं, एवढेच मोजके अपवाद. मग सुताराकडे जाऊन शिकण्याचं काय? फरक हेतूचा आहे. मूल रंधा कसा चालतो हे शिकायला गेलंय की कारखान्याची ऑर्डर पूर्ण करायला? शिक्षक सोबत आहेत का? एकच काम दिवसभर करायला लावलंय का? या प्रश्नांची उत्तरं सहज मिळतात.

ज्यांच्याकडे जातो, त्यांचं काय?

वृद्धाश्रमात साठ मुलं दुपारी दोन वाजता, म्हणजे आजी-आजोबांच्या झोपेच्या वेळी, फळं घेऊन पोहोचतात. दोन गाणी, एक भाषण, फोटो. असं होऊ नये म्हणून एक साधी गोष्ट करता येते: आधी विचारायचं. तुम्हाला काय हवंय? कदाचित कुणाला मोबाइलवर नातवाला व्हिडिओ कॉल लावायला शिकायचं असेल, कुणाला पेपर वाचून दाखवणारं कुणी हवं असेल. मग साठऐवजी दहा मुलं गेली आणि ती पुन्हा तीनदा गेली, तर ओळख होते. आणि फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही.

मार्कांचं काय?

महाराष्ट्रात आठवीपर्यंत कार्यानुभवाचं मूल्यमापन आकारिक पद्धतीने, म्हणजे वर्षभरातल्या निरीक्षणावर होतं, त्याची वेगळी लेखी परीक्षा नसते. त्यामुळे मुलाची नोंदवही महत्त्वाची. तिच्यात 'आम्ही बाजाराला भेट दिली, खूप मजा आली' एवढंच असेल तर काही कळत नाही. 'मेथीची जुडी सकाळी आणि संध्याकाळी वेगळ्या भावाने का विकतात, हे मी तीन जणांना विचारलं' असं असेल, तर ते मूल शिकलं.

पालक म्हणून तुम्हाला शाळेला विचारायचं असेल तर मोजकंच विचारा. या उपक्रमाआधी वर्गात काय झालं? परत आल्यावर काय होणार आहे? बाहेर मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे आहे? आणि खर्च असेल, तर ज्याला तो झेपणार नाही त्या मुलाचं काय?

आणखी एक. स्थानिक कारागीर कुठून आणायचे, अशी शाळांची अडचण असते. पण बहुतेक वर्गांत कुणाची आई शिवणकाम करते, कुणाचे बाबा गवंडी किंवा इलेक्ट्रिशियन असतात, कुणाचे काका दूध डेअरीवर फॅट मोजतात. पालकसभेत एक कोरा कागद फिरवला तरी दहा दिवसांची दहा नावं त्यावर मिळू शकतात.