खोट्या मजकुराचं पदक
ह्यू थॉम्प्सन या अमेरिकी वैमानिकाला व्हिएतनाम युद्धात शौर्यपदक मिळालं. सोबतच्या प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं, की जोरदार गोळीबाराच्या कैचीत सापडलेल्या एका मुलाला त्यानं वाचवलं. मूल खरं होतं, वाचवणंही खरं होतं. पण कैची असायला दोन्हीकडून गोळ्या सुटाव्या लागतात. त्या गावात गोळ्या सुटत होत्या त्या एकाच बाजूनं, आणि ती बाजू अमेरिकी सैन्याची होती. थॉम्प्सननं पदक फेकून दिलं.

१६ मार्च १९६८. क्वांग न्गाई प्रांतातल्या सोन माय गावात, माय लाय वस्तीत अमेरिकी सैन्याची चार्ली कंपनी उतरली. शत्रूची, म्हणजे व्हिएतकाँग गनिमांची बटालियन भेटेल असं सैनिकांना सांगितलेलं होतं. भेटल्या बायका, म्हातारी माणसं, पोरंबाळं.

चोवीस वर्षांचा थॉम्प्सन वरून टेहळणीचं छोटं हेलिकॉप्टर फिरवत होता. सोबत ग्लेन अँड्रिओटा आणि अठरा वर्षांचा लॉरेन्स कोलबर्न. जखमी गावकऱ्यांना मदत मिळावी म्हणून त्यांनी हिरव्या धुराच्या नळकांड्या टाकून जागा दाखवल्या. फिरून आले तेव्हा तीच माणसं मरून पडलेली. मग शेताच्या पाटात प्रेतांचा खच दिसला. थॉम्प्सन पुढे सांगत असे, की आपल्याच माणसांनी हे केलं असेल हे त्याचं मन कबूल करेना. तोफांच्या माऱ्यात मेली असतील, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. पण मग एवढी माणसं पाटात आली कशी? या प्रश्नाला एकच उत्तर उरत होतं.

एका खंदकात काही गावकरी लपले होते आणि सैनिक त्यांच्याकडे निघाले होते. थॉम्प्सननं हेलिकॉप्टर नेमकं मधे उतरवलं. आपले सैनिक या लोकांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावरच मशीनगन चालवा, असं साथीदारांना बजावून तो खाली उतरला. सुमारे दहा जण बाहेर आले. सोबतच्या मोठ्या हेलिकॉप्टरांनी त्यांना सुरक्षित नेलं. नंतर अँड्रिओटा प्रेतांनी भरलेल्या पाटात उतरला आणि एक जिवंत मूल घेऊन वर आला.

तळावर थॉम्प्सननं संतापून तक्रार केली, तेव्हा कत्तल थांबवण्याचा हुकूम निघाला. लष्कराच्या कागदावर मात्र १२८ शत्रू ठार आणि हस्तगत शस्त्रं ३, अशी नोंद झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिले असते, तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. कुणी पाहिले नाहीत. रॉन रायडनअर या माजी सैनिकानं १९६९ मध्ये वॉशिंग्टनला पत्रं लिहिल्यावर चौकशी सुरू झाली आणि त्या वर्षाअखेर रॉनल्ड हेबर्ली या लष्करी छायाचित्रकाराचे फोटो जगानं पाहिले.

मृतांचा आकडा आजही एक नाही. अमेरिकी लष्कराच्या मते ३४७; सोन माय इथल्या स्मारकावर ५०४ नावं आहेत. लेफ्टनंट विल्यम कॅली या एकट्यालाच शिक्षा झाली. तीही २२ खुनांसाठी जन्मठेप, जी पुढे साडेतीन वर्षांच्या आसपास, बहुतांशी घरातल्या नजरकैदेत संपली. थॉम्प्सनला मात्र खुनाच्या धमक्या आल्या. १९७० मध्ये संसदेच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांचं मत होतं, की या प्रकरणात शिक्षा व्हायला हवी ती थॉम्प्सनलाच.

तीस वर्षांनी लष्करानं त्याला नवं पदक देऊ केलं. साथीदारांनाही ते मिळावं आणि सोहळा वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकापाशी उघडपणे व्हावा, असा आग्रह त्यानं धरला. ६ मार्च १९९८ ला तो आणि कोलबर्न तिथं उभे राहिले. अँड्रिओटा माय लायनंतर तीनच आठवड्यांनी लढाईत मारला गेला होता. त्याचं नाव त्याच स्मारकाच्या काळ्या भिंतीवर कोरलेलं आहे.