सावकाराचा तगादा

वरळी कोळीवाड्यांतील घराला घर लागलेल्या गल्ल्यांत दाराशीं उभा राहून केलेला तगादा त्या घरापुरता राहत नाहीं. तो साऱ्या आळीस ऐकूं जातो. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, उत्पन्न थांबलेलें, आणि जाळ्यांसाठीं घेतलेली उचल मात्र डोक्यावर उभी! ऋण फेडलें पाहिजे याविषयीं आपल्या समाजांत वाद नव्हता. वाद होता तो हा कीं, धनकोनें ऋणकोच्या उंबरठ्यावर कोणत्या रीतीनें उभें राहावें?

पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या अहवालांत एल्फिन्स्टननें तकाजाचें वर्णन केलें आहे. साध्या विनवणीपासून ऋणकोस उपाशी ठेवणें, डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभें करणें, येथवर त्याची मजल जाई. मात्र धरणें धरणाराही उपाशी राही, एवढा त्या क्रौर्यास लगाम होता. पुढें देवाच्या कोपाचें भय घालणारें धरणें १८६० च्या दंडसंहितेनें अपराध ठरविलें.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी नसलेल्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. पण सावकार मुदत सरण्यापूर्वींच व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागले. रक्षणाचा कायदाच असा फांस झाला! १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर होता. १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यावरून होणाऱ्या कैदेंतून सोडविलें.

मुंबईंत पगाराच्या दिवशीं पठाण सावकार काठी घेऊन गिरणीच्या दरवाजाशीं उभा राही. वसुलीसाठीं कारखान्यांस असा वेढा घालणें गुन्हा ठरवावा, असें व्हिटले कमिशननें १९३१ सालीं सुचविलें. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें ऋणकोचा पाठलाग करणें व त्याच्या घराभोवतीं घुटमळणें दंडनीय केलें.

आज काठीच्या जागीं टेलिफोन आला आहे. थकलेल्या कर्जासाठीं सकाळीं ८ पूर्वीं व सायंकाळीं ७ नंतर ऋणकोस फोन करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं बजाविलें. पण खताची जुनी युक्ति अद्याप जिवंत आहे. मुदत टळलेल्या कर्जाचा दावा सामान्यतः चालत नाहीं. तथापि तें फेडण्याचें लेखी, सहीचें वचन दिल्यास १८७२ च्या कराराच्या कायद्यानें तें पुन्हां बंधनकारक होतें. यास्तव जुन्या कर्जासाठीं आरडाओरड करणाऱ्यापेक्षां गोड बोलून कागदावर सही मागणाऱ्यापासून गृहस्थानें अधिक सावध असावें. सुप्याच्या शेतकऱ्याचें घर अशाच सह्यांनीं बुडालें होतें.