गोवळकोंड्याची हिरवळ

आम्हा गोंयकारांना हिरवळीची किंमत तशी कमीच. पावसाळ्यात इथे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि चिऱ्यांच्या गडग्यावर, कौलांवर, बंद घरांच्या पायऱ्यांवर न सांगता हिरवं उगवतं. हैदराबादला मात्र वर्षाकाठी सुमारे 800 मिलिमीटर पाऊस. खाली ग्रॅनाइटचा खडक. पाणी साठतं ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. अशा गावात बाग राखायची म्हणजे पाण्याचा हिशेब ठेवणं आलं.

कुतुबशाहीने (1518 ते 1687) तो नीट ठेवला होता. गोवळकोंडा किल्ल्याबाहेर राजघराण्याच्या कबरी उभ्या राहिल्या त्या इराणी वळणाच्या बागांत, आणि या परिसरात बावल्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, खोदल्या गेल्या. आज आपण ज्याला लॉन म्हणतो ती कापलेली हिरवळ हा काही या बागांचा प्राण नव्हता. तिथे मान होता सावलीला, फळाफुलांना आणि पाण्याला. लॉनची हौस इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशात वर्षभर भुरभुर पाऊस; 1830 मध्ये एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि मखमली हिरवळ मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. पुढे ती दख्खनच्या उन्हात येऊन बसली, पण येताना आपला पाऊस काही तिने बरोबर आणला नाही!

1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि या बागांचा धनी गेला. एकोणिसाव्या शतकात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी कबरींची आणि बागांची डागडुजी करवली. नंतर पुन्हा दुर्लक्ष झालं. 2013 मध्ये आगाखान सांस्कृतिक न्यास आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून शंभराहून अधिक एकरांच्या या परिसराचं काम हाती घेतलं. त्याच वर्षी जोराच्या पावसात इथल्या बडी बावलीचा काही भाग कोसळला. गाळ उपसून, पडलेली दगडी भिंत पुन्हा रचून ती उभी करण्यात आली. परिसरातल्या इतर बावल्याही दुरुस्त झाल्या आणि त्यांत साठलेलं पावसाचं पाणी बांधकामाला आणि झाडांना वापरता येऊ लागलं. 2022 मध्ये गोवळकोंड्याच्या या बावल्यांना युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. 2024 मध्ये सारं काम पूर्ण झालं.

दमलेल्या, विरळ हिरवळीचं औषध याच वाटेवर सापडतं. माती उघडी पडली की आपण आधी बी नाहीतर युरिया आणायला धावतो. पण गवत विरळ होतं ते बहुधा पायांखाली माती घट्ट झाल्यामुळे, झाडांची सावली वाढल्यामुळे किंवा रोज वरवर शिंपडलेल्या पाण्यामुळे. तेव्हा आधी काट्याने जमिनीला भोकं पाडावीत, वर वाळू आणि चाळलेलं शेणखत पातळ पसरावं, पाणी क्वचित पण खोलवर द्यावं, कापताना पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक घेऊ नये. हे सारं मृगाच्या सरींबरोबर केलं की मुळं जोमाने पसरतात.

आणि गवत कुठलं? आपली दूर्वाच! मराठवाड्याचा शेतकरी तिला हरळी म्हणतो आणि शेतातून तिची मुळं उपटता उपटता घामाघूम होतो. तेलुगू माणूस तिला गरिका म्हणतो आणि आपल्यासारखीच विनायकाला वाहतो. लॉनवाल्यांच्या भाषेत तीच बर्मुडा. उन्हाळ्यात पिवळी पडली तरी ती मरत नाही. खाली धावत्या मुळांत जीव धरून पावसाची वाट पाहते. सावलीत मात्र ती टिकत नाही. तिथे लॉनचा हट्ट सोडून सावलीत वाढणारी झाडंच लावणं शहाणपणाचं.

हैदराबादेत उन्हाळ्यात पाण्याचे टँकर धावतात. ज्या गावात पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं, तिथे टँकर ओतून हिरवी ठेवलेली हिरवळ कुणाच्या तरी घागरीतून पीत असते. कुतुबशाहीच्या बागवानाने आधी विहीर खोदली, मग झाडं लावली. क्रम तोच होता, मध्यंतरी आपण तो उलटा केला.