निळा कागद की लोखंडी डबा?

सॅन फ्रान्सिस्कोची कॅस्ट्रो ही अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली गे वस्ती. ती कशी वसली असं विचारलं की बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने समलिंगी जवानांना हाकललं, पॅसिफिक आघाडीचं बंदर म्हणून त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत उतरवलं आणि ते तिथेच राहिले. गोष्ट चांगली आहे, बरीचशी खरीही आहे. पण ती शहराची गोष्ट आहे, कॅस्ट्रोची नव्हे. माझ्या मते कॅस्ट्रो वसवली ती मालवाहू जहाजावरच्या लोखंडी डब्याने, म्हणजे कंटेनरने. हे ऐकून लोक हसतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी वंशावळ उरकून घेऊ. नाव मेक्सिकन अमदानीतल्या होजे कॅस्ट्रो या सेनानीचं. पूर्वी या भागाला युरेका व्हॅली म्हणत आणि तिथे आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन कामगार राहत. 1906च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, पण आग विसाव्या रस्त्यापाशी अडली. त्या रस्त्यावरच्या एका बंबाच्या नळाला तेवढं पाणी होतं. दर वर्षी 18 एप्रिलला लोक त्याला सोनेरी रंग फासतात. नळाच्या कॅस्ट्रोकडच्या बाजूची लाकडी व्हिक्टोरियन घरं शाबूत राहिली, आणि पुढच्या कथेत त्यांना मोठं काम आहे.

आता निळ्या कागदाकडे. अमेरिकी लष्करात सन्मानाने निवृत्त होणाऱ्याला पांढरा दाखला मिळे, कोर्ट मार्शलने हाकललेल्याला पिवळा. या दोहोंच्या मधला निळा. शिक्षा नाही, खटला नाही, नुसतं ‘नको आहे’. युद्धकाळात असे 48 हजारांहून अधिक निळे दाखले दिले गेले. त्यात समलिंगी होतेच, पण कृष्णवर्णीय सैनिकही त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून 1945 मध्ये या कागदाविरुद्ध आवाज उठवला तो ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने. 1947 मध्ये हा प्रकार बंद झाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नोकरीला गेलं की मालक दाखला मागे आणि रंग पाहूनच काय ते समजे. हा कागद घेऊन आयोवातल्या खेड्यात आईवडिलांपुढे उभं राहण्यापेक्षा बंदरावरच्या शहरात भाड्याची खोली बरी. अ‍ॅलन बेरूबे या इतिहासकाराने 1990च्या आपल्या पुस्तकात या सैनिकांची हकिकत तपशिलाने मांडली आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते तारखांशी. युद्ध संपलं 1945 मध्ये. कॅस्ट्रोतला पहिला गे बार मानला जाणारा ‘मिसूरी म्यूल’ उघडला 1963 मध्ये, आणि वस्तीचा रंग पालटला तो 1970 नंतर. मधली वीस-पंचवीस वर्षं ही मंडळी होती कुठे? नॉर्थ बीचवर, टेंडरलॉइनमध्ये, पोल्क स्ट्रीटवर, एम्बार्काडेरोच्या धक्क्यालगतच्या खलाशी बारांत. ‘ब्लॅक कॅट’ या बारमध्ये बायकी पोशाखात गाणाऱ्या होजे सारियाने 1961 मध्ये शहराच्या निवडणुकीत उभं राहून साडेपाच हजारांवर मतं घेतली, तीही कॅस्ट्रोच्या जोरावर नव्हे. निळा कागद माणसं शहरापर्यंत आणतो. गल्लीपर्यंत आणत नाही. कॅस्ट्रोचा गे पुढारी हार्वी मिल्क, त्याचं नाव साक्षीला काढतात. त्यालाही 1955 मध्ये नौदलातून सन्मान नाकारून घालवलं होतं, हे खरं. पण तो कॅस्ट्रोत राहायला आला 1972 मध्ये, न्यूयॉर्कहून. सतरा वर्षं उशिरा आलेला साक्षीदार काय कामाचा?

तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा. आले कोण ते सोडा, गेले कोण?

1956च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजावर 58 डबे पाठवले. दोन वर्षांनी मॅटसन कंपनीने हवाईच्या वाटेवर डबे चढवले. तोवर जहाज रिकामं करायचं म्हणजे गोदी कामगारांची टोळी हातात हुक घेऊन दिवसचे दिवस पोती, पेट्या, पिंपं उतरवणार. सॅन फ्रान्सिस्कोचे धक्के याच कामासाठी बांधलेले: बोटांसारखे पाण्यात घुसलेले अरुंद धक्के, त्यांवर छप्पर, मागे लगेच शहर. डब्याला छप्पर नको, त्याला एकरांनी मोकळं मैदान हवं, अजस्र क्रेन हवी आणि दाराशी रेल्वे हवी. ही तिन्ही होती खाडीपलीकडच्या ओकलंडला. 1960 मध्ये हॅरी ब्रिजेसच्या गोदी कामगार युनियनने मालकांशी करार केला: यंत्रं येऊ द्या, बदल्यात कामगारांच्या निवृत्तीसाठी आणि किमान कमाईसाठी 2 कोटी 90 लाख डॉलर ठेवा. मालकांनी ते दिले आणि त्यांना ते स्वस्तातच पडलं. काम असं खाडीपलीकडे जाणं मुंबईकराला नवं वाटू नये. 1989 मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि पुढे मुंबईच्या गोद्यांचा कंटेनरही खाडी ओलांडून गेला. सॅन फ्रान्सिस्कोत 1974 मध्ये हंटर्स पॉइंटचं नौदलाचं जहाज दुरुस्तीचं केंद्रही बंद झालं. काम गेलं, तशी माणसंही गेली. 1950 ते 1980 मध्ये शहराची लोकसंख्या 7 लाख 75 हजारांवरून 6 लाख 79 हजारांवर उतरली.

युरेका व्हॅलीची लाकडी घरं अशी रिकामी झाली. मोठी, जुनाट, रंग उडालेली आणि स्वस्त. घर हातात घेऊन दुरुस्त करायची हौस, पोरंबाळं नसल्यामुळे शाळेची फिकीर नाही, असा गिऱ्हाईक वर्ग शहरात तयारच होता. सौदा जमला.

माझ्यावर पहिला आक्षेप असा, की युरेका व्हॅलीतले सगळे काही गोदी कामगार नव्हते. त्यांत पोलीस होते, बंबवाले होते, ट्रामवाले होते. डब्याने पोलिसाची नोकरी कशी गेली? नाही गेली, मान्य. पण त्याच्याकडे होता पांढरा दाखला. 1944च्या कायद्याने माजी सैनिकांना सरकारी हमीचं गृहकर्ज मिळालं आणि ते घेऊन गोरे कामगार उपनगरांत अंगणवाली घरं घ्यायला निघाले. निळ्या कागदवाल्यांना कायद्याची सरळ मनाई नव्हती, पण माजी सैनिकांच्या खात्याने 1945 मध्ये फतवा काढून समलिंगींना वगळलं. म्हणजे निळ्या कागदाचा कॅस्ट्रोशी संबंध आहेच, पण सांगतात तसा नाही. ज्यांना कर्ज मिळालं ते शहर सोडून गेले, ज्यांना नाकारलं ते भाड्याच्या खोल्यांत शहरातच राहिले. कर्जाने दार उघडलं, डब्याने घर रिकामं केलं.

दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धान्त हिप्पींचा. डोंगरापलीकडे हेट-ॲशबरी, तिथे 1967चा गाजलेला उन्हाळा. पुढे हेरॉइनने तो भाग नासला आणि लांब केसांची गे पोरं टेकडी उतरून कॅस्ट्रोत आली. हे खोटं नाही. पण पाणी उतारावरून आलं तरी साठायला खळगा लागतोच, आणि तो आधीच तयार होता. तिसरा सिद्धान्त ‘लाइफ’ मासिकाचा: 1964 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोला समलिंगींची राजधानी ठरवलं आणि देशभरच्या पोरांनी तिकिटं काढली. तीही राजधानीपर्यंतचीच!

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. कामगार वस्त्या तर आणखीही रिकाम्या होत होत्या, मग हीच का? माझा अंदाज असा. मार्केट स्ट्रीट हा शहराचा कणा फेरी बिल्डिंगच्या धक्क्यापासून निघतो आणि साडेचार-पाच किलोमीटरवर कॅस्ट्रोशी येऊन टेकतो. 1959 मध्ये एम्बार्काडेरोवर उड्डाणमार्ग आला, पाठोपाठ नव्या इमारतींसाठी पाडापाडी झाली, खलाशी बार उठले. एका टोकाला उखडलेली माणसं त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. शिवाय ट्विन पीक्सच्या टेकड्या समुद्री धुकं अडवतात, त्यामुळे इथे ऊन जास्त. धुक्याच्या गावात उन्हाला मोल असतं.

उन्हाचं म्हणाल तर कॅस्ट्रो आणि मार्केटच्या कोपऱ्यावरचा ‘ट्विन पीक्स टॅव्हर्न’ पाहा. जुन्या गे बारांच्या काचा काळ्या रंगवलेल्या असत, दार मागच्या गल्लीत. पोलिसांच्या धाडीपेक्षाही ओळखीच्या माणसाची भीती. 1972 मध्ये मेरी एलन कुन्हा आणि पेगी फॉर्स्टर यांनी हा बार घेतला आणि रस्त्याकडची भिंत आरपार काचेची ठेवली. ट्राममधून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसावं, आणि बसलेल्याने पाठ फिरवू नये. हे करायची हिंमत बंदरावर झाली नसती, कारण तिथे प्रत्येक जण दोन दिवसांचा पाहुणा. काच लावायला शेजार आपला असावा लागतो.

माझ्या बाजूचा शेवटचा पुरावा बिअरचा. 1970च्या दशकात कूर्स कंपनीशी टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचं भांडण पेटलं. युनियनचा अ‍ॅलन बेअर्ड कॅस्ट्रोतच राहायचा. तो मिल्कच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आला आणि म्हणाला, गे बारांतून कूर्स हद्दपार करून दे. मिल्कने अट घातली: तुमच्या ट्रकवर गे ड्रायव्हर घ्या. दोघांनी शब्द पाळला. जुनी कामगार वस्ती आणि नवी गे वस्ती एकमेकांच्या छातीवर बसली नाहीत, निदान एकदा तरी एका बाजूने लढली. 1977 मध्ये मिल्क शहराच्या निवडणुकीत निवडून आला त्यात युनियनच्या पाठिंब्याचा वाटा होता.

पुढचं जगजाहीर आहे. 1978 च्या जूनमध्ये गिल्बर्ट बेकरचा आठ रंगांचा झेंडा, नोव्हेंबरात मिल्क आणि महापौर मॉस्कोनींची हत्या, मग एड्सची भीषण वर्षं. त्यानंतर सॉफ्टवेअरचा पैसा आला आणि त्या स्वस्त लाकडी घरांच्या किमती साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या. आता बेताच्या कमाईची गे आणि लेस्बियन मंडळी घर शोधायला जातात ती खाडीपलीकडे ओकलंडला. डबा तिकडे गेला, आता माणसंही निघाली. माझा सिद्धान्त आता तरी कुणी हसण्यावारी नेऊ नये!