भोपाळ येथील घातक अपशिष्टाची विल्हेवाट

भोपाळ (मध्य प्रदेश) येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यात साठलेले विषारी पदार्थ नष्ट करण्याचा चार दशकांचा इतिहास. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू निसटून हजारो लोक मृत्युमुखी पडले. कारखाना बंद झाला; विषारी द्रव्ये मात्र तेथेच राहिली.

कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. त्यातील अपशिष्ट आवारातच टाकले वा पुरले जाई. १९७७ नंतर द्रव अपशिष्ट लगतच्या सौर बाष्पीभवन तळ्यांत सोडण्यात येऊ लागले. त्यातील संयुगे मातीतून पाझरून भूजलात उतरली. त्यामुळे वायुगळतीची झळ न लागलेली कुटुंबेही पुढे दूषित पाण्याच्या संकटात सापडली.

२००५ मध्ये विखुरलेल्या अपशिष्टाचा काही भाग गोळा करून बंदिस्त ठेवण्यात आला. तो जर्मनीस पाठविण्याची योजना २०१२ मध्ये बारगळली. २०१५ मध्ये धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १० टन अपशिष्ट प्रायोगिक रीत्या जाळले गेले. उरलेल्या सु. ३३७ टनांत १६२ टन दूषित माती, ९२ टन सेव्हिन या कीटकनाशकाचे व नॅप्थॉलाचे अवशेष, ५४ टन अर्धप्रक्रियित कीटकनाशके व २९ टन विक्रियापात्रांतील अवशेष होते. उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा मोहोरबंद वाहनांतून ते सु. २५० किमी. दूर पीथमपूरला नेण्यात आले. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. एका शहराचे विष दुसऱ्या गावाने का स्वीकारावे, हा त्यांचा प्रश्न होता.

अशा अपशिष्टाचे दहन दोन टप्प्यांत होते. फिरत्या भट्टीतून निघालेले वायू दुसऱ्या कक्षात ११००° से. हून अधिक तापमानात किमान दोन सेकंद ठेवतात. नंतर ते झपाट्याने थंड करतात. अन्यथा डायॉक्सिने पुन्हा तयार होण्याचा धोका असतो. चुना व सक्रियित कार्बन यांच्या साहाय्याने आम्ले व बाष्परूप पारा शोषून घेतात. पीथमपूर येथे ताशी १३५, १८० व २७० किग्रॅ. या वेगांनी तीन चाचण्या झाल्यावर उरलेले ३०७ टन अपशिष्ट जून २०२५ अखेर जाळून संपले.

तथापि दहनाने जड धातू नष्ट होत नाहीत. ते राखेत उतरतात. चुना इ. द्रव्ये मिसळल्याने राख व अवशेष यांचे वजन मूळ अपशिष्टाहून अधिक भरले. ही राख अभेद्य अस्तराच्या खड्ड्यात ठेवून तिच्यावर दीर्घकाळ देखरेख करावी लागते. कारखान्याच्या आवारातील दूषित माती व भूजल यांची शुद्धी या दहनाने झालेली नाही.