भूगर्भाची वाफ आणि सूर्याचा ताप

इटलीच्या टस्कनी प्रांतात जमिनीच्या भेगांतून अहोरात्र वाफ उसळते. त्या वाफेबरोबर येणाऱ्या पाण्यातून बोरिक आम्ल काढण्याचा कारखाना फ्रान्स्वा द लार्देरेल या फ्रेंच गृहस्थाने १८१८ साली घातला. पाणी आटवण्यासाठी प्रारंभी रानातील लाकूड जाळावे लागे. परंतु १८२७ च्या सुमारास भूगर्भातल्या त्याच वाफेचा ताप या कामी योजण्याची युक्ती त्याला साधली, आणि इंधनाचा खर्च वाचताच धंदा भरभराटीस आला. त्याच्या नावावरून लार्देरेल्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात, त्या घराण्याचे जामात प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी ४ जुलै १९०४ रोजी वाफेच्या यंत्रास डायनामो जोडून पाच दिवे लावले, आणि १९१३ साली तेथे २५० किलोवॉटचे वीजकेंद्र सुरू झाले.

योगायोग असा की, त्याच १९१३ साली कैरोजवळ मादी येथे फ्रँक शूमन या अमेरिकन संशोधकाने, प्रत्येकी सुमारे २०० फूट लांबीच्या पाच अन्वस्ताकार आरसेदार पन्हळी मांडून, सूर्याच्या तापाने वाफ निर्माण केली व नाईलचे पाणी मिनिटास हजारो गॅलन उपसून दाखवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, कामावरचे लोक पांगले, १९१८ साली शूमनही निवर्तला, आणि स्वस्त खनिज तेलाच्या जमान्यात त्या आरशांची कोणास आठवण उरली नाही. लार्देरेल्लोचे केंद्र १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी उद्ध्वस्त केले खरे, पण वाफ जागच्या जागी होती. केंद्र पुन्हा उभे राहिले.

सूर्ययंत्राचा हा खटाटोप मुंबईने त्याहीपूर्वी पाहिला होता. विल्यम ॲडम्स या डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावरील इंग्रज अंमलदाराने १८७८ च्या सुमारास अष्टकोनी आरसेपेटीत सात सैनिकांचा शिधा, तोही जानेवारीच्या थंडीत, दोन तासांत शिजवला. आणि कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार चौकट उभारून अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. मात्र सूर्य सरकेल तसतशी ती चौकट सरकवण्यास माणूस तैनात ठेवावा लागे, आणि दिवस मावळला की यंत्र थंड पडे.

भूताप हा वतनदार आहे. त्याचे उत्पन्न बारमाही, पण वतनाच्या हद्दीबाहेर त्याची सनद चालत नाही. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे येथील उष्ण झऱ्यांत कोकणातील लोक पिढ्यानुपिढ्या त्वचाविकारांवर उपाय म्हणून स्नान करीत आले. परंतु टस्कनीसारखी जोरकस वाफ त्या झऱ्यांना लाभलेली नाही. शिवाय, खोल विंधण घेऊन पाहिल्याखेरीज खाली काय दडले आहे याची खात्री नसते. त्यामुळे भांडवलाचा मोठा हिस्सा विजेचा एक कणही हाती येण्याआधीच जमिनीत गाडला जातो.

सूर्याचे नशीब उघडले ते १९५४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट सिद्ध केला तेव्हा. त्यास ना बाष्पक लागे, ना वाफ. आणि तो कारखान्यात घडत असल्याने उत्पादन वाढेल तसतशी किंमत उतरत गेली. आज जगातील सौरक्षमता १० लाख मेगावॉटच्या पलीकडे गेली आहे, तर भूतापीय क्षमता १६,००० मेगावॉटच्या आसपास घुटमळते आहे. तथापि या आकड्यांवरून निकाल देणे उतावीळपणाचे ठरेल, कारण रात्रंदिवस चालणारे भूतापाचे एक मेगावॉट वर्षाकाठी सूर्याच्या एका मेगावॉटपेक्षा साधारणतः तीन-चार पट वीज देते. १९१३ साली स्थैर्याच्या बळावर भूतापाने मारलेली बाजी सूर्याने पुढे स्वस्ताईच्या बळावर उलटवली. ॲडम्सला भेडसावणारा रात्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि विजेच्या साठवणीचा खर्च जमेस न धरता जो या दोहोंचा ताळेबंद मांडील, त्याचा हिशेब खोटा पडल्यावाचून राहणार नाही.