संत फ्रान्सिस झेवियर यांचे चमत्कार आणि आजची शंका

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं इतिहासपर लेख लिहावा, अशी आज्ञा झाली तेव्हां मनांत आलें कीं, जुन्या गोष्टी नुसत्या आळविण्यापेक्षां आपल्या तरुणांच्या मनांत घर करून बसलेली एक शंका इतिहासाच्या कसोटीवर घांसून पाहावी. कासारसाईच्या जलाशयापासून थोड्या कोसांवर हिंजवडी येथें संगणकाचे मोठमोठे उद्योग उभे आहेत. तेथें राबणारी तरुण मंडळी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागण्यास शिकलेली आहेत. तीं रविवारीं मिस्सेला येतात आणि घरीं परतल्यावर विचारतात, “हे चमत्कार खरोखर घडले काय?” या प्रश्नावर रागावणें सोपें आहे, परंतु त्याचें प्रामाणिक उत्तर देणें हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे.

या शंकेसाठीं दूरचें उदाहरण शोधावयास नको. गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर हेंच तिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नव्हार प्रांतीं झाला. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. पुढें मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवांमध्यें, मलाक्का व मोलुक्का बेटांत आणि जपानांत सुवार्ता गाजवून चीनच्या दाराशीं सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १२ मार्च १६२२ रोजीं पंधरावे ग्रेगरी या परमगुरूंनीं त्यांना संतपदीं बसविलें.

आतां आक्षेप ऐका. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनीं १८९६ सालीं शास्त्र व धर्म यांच्या झगड्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चमत्कारकथा काळाबरोबर कशी फुगत जाते हें दाखविण्यासाठीं त्यांनीं झेवियर यांचेंच चरित्र निवडलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : झेवियर यांच्या स्वतःच्या पत्रांत स्वतः केलेल्या चमत्कारांचा उल्लेख नाहीं, पुढील चरित्रकारांच्या ग्रंथांत मात्र ते पिढीगणिक वाढत गेले आहेत. तेव्हां ही सारी भक्तांच्या कल्पनेची वाढ होय.

हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून प्रथम पत्रेंच पाहूं. २८ ऑक्टोबर १५४२ च्या पत्रांत झेवियर तुतिकोरीनकडील एका खेड्यांतील प्रसंग लिहितात. एक स्त्री तीन दिवस प्रसूतिवेदनांनीं तळमळत होती व तिच्या जीविताची आशा सुटली होती. त्यांनीं तिला श्रद्धेचीं तत्त्वें समजावून सांगितलीं, तिनें विश्वास ठेवला, तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती तत्काळ सुखरूप बाळंत झाली. पुढें १५४४ सालच्या पत्रांत ते सांगतात कीं, आजाऱ्यांकडून इतकीं बोलावणीं येत कीं स्वतः जाणें अशक्य होई. तेव्हां ते लहान मुलांना प्रार्थना म्हणण्यास धाडीत आणि पुष्कळ आजारी बरे होत. येथें ‘मीं चमत्कार केला’ हे शब्द नाहींत. श्रेय आहे तें देवाचें आणि आजाऱ्याच्या श्रद्धेचें. साधुपुरुष स्वतःचा डंका वाजवीत नाहीं. म्हणून त्याच्या मौनावरून कांहींच घडलें नाहीं असें अनुमान काढणें न्यायाचें नव्हे.

दुसरा पुरावा साक्षींचा. संतांच्या मृत्यूला चार वर्षें होतात न होतात तोंच पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनीं १५५६ सालीं चौकशीचा हुकूम सोडला. त्याप्रमाणें गोवें, कोची, मलाक्का आणि आपल्या महाराष्ट्रांतील वसई येथें शपथेवर जबान्या घेण्यांत आल्या. झेवियर यांना डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें तेव्हां हयात होतीं. कथा फुगण्यास शेंदीडशें वर्षें लागलीं असें म्हणणाऱ्यास या कागदांचा हिशेब द्यावा लागतो.

परंतु, वाचकहो, तराजूचें दुसरें पारडेंही तितक्याच चोखपणें पाहिलें पाहिजे. झेवियर यांना सर्व भाषा आपोआप येत असत, ही कथा आपल्यापैकीं अनेकांनीं लहानपणीं ऐकली असेल. संतांचींच पत्रें तिच्या विरुद्ध साक्ष देतात. तमिळ भाषेंत प्रार्थना उतरविण्यासाठीं त्यांनीं दुभाष्यांना जमवून दिवसेंदिवस परिश्रम केले व तीं वाक्यें तोंडपाठ केलीं. नोव्हेंबर १५४९ मध्यें जपानांतून लिहितांना, भाषा न आल्यामुळें आपण त्या लोकांत पुतळ्यांसारखे आहोंत, अशी खंत त्यांनीं व्यक्त केली आहे. ही दंतकथा दूर सारण्याचें काम कोणा नास्तिकानें नव्हे, तर येशूसंघाचे फादर गेऑर्ग शुरहामर या इतिहासकारानें केलें. हे फादर तरुणपणीं मुंबई इलाख्यांत अध्यापन करीत असतां आजारी पडले. १९१० सालच्या दर्शनसोहळ्यास गोव्यास जाऊन, बरें वाटल्यास संतांचें चरित्र लिहीन, असें वचन त्यांनीं दिलें व तें पाळण्यांत सारें आयुष्य वेंचलें. चार प्रचंड खंडांचें तें चरित्र १९५५ ते १९७३ या काळांत प्रसिद्ध झालें; शेवटचा खंड बाहेर पडण्यापूर्वींच, १९७१ सालीं, ते वारले. नवस बोलणारा भक्त आणि कागद तपासणारा संशोधक एकाच हृदयांत सुखानें नांदूं शकतात, याचें याहून सुंदर उदाहरण कोणतें?

संतांच्या देहाविषयींही असाच विवेक हवा. सांचियन येथें चुना घालून पुरलेला देह १५५३ सालीं काढला तेव्हां ताजा आढळला आणि १६ मार्च १५५४ रोजीं गोव्यास पोहोंचला. मसाला भरून तो टिकविला असावा या शंकेचें निरसन व्हावें म्हणून व्हाइसरॉयच्या वैद्यानें, डॉक्टर सारायव्हा यांनीं, तो तपासला व तसें कांहीं केलेलें नाहीं अशी साक्ष दिली. पुढें १६१४ सालीं उजवा हात रोमला नेण्यांत आला. आज देह शुष्क झालेला आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या दर्शनसोहळ्यास गेलेल्यांनीं तो तसाच पाहिला. चुन्यामुळें देह टिकला असेल असें कोणी म्हटल्यास आपली श्रद्धा ढांसळावयाचें कारण नाहीं. केवळ न कुजलेला देह हें संतत्वाचें प्रमाण आहे असें धर्मसभा मानीत नाहीं.

किंबहुना चमत्काराच्या बाबतींत धर्मसभेइतकी चिकित्सा फार थोडे लोक करीत असतील. फ्रान्स देशांत लूर्द येथें १८५८ सालीं पवित्र मरियेनें बर्नादेत नांवाच्या मुलीस दर्शन दिलें. १८८३ सालापासून तेथें वैद्यकीय कचेरी आहे व तींत कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा डॉक्टरही कागद तपासूं शकतो. सात हजारांहून अधिक रोगमुक्तींची नोंद तेथें झाली. त्यांपैकीं चमत्कार म्हणून मान्य झाल्या त्या सत्तरांच्या घरांत. १९०२ सालीं डॉक्टर अलेक्सी कॅरेल हे संशयी मनानें तेथें गेले असतां मारी बाय्यी ही मरणोन्मुख तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत सुधारली. पुढें १९१२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आणि गंमत अशी कीं, ज्या घटनेनें या शास्त्रज्ञाला हालविलें, तिलाच रोगनिदान पुरेसें निश्चित नाहीं म्हणून लूर्दच्या वैद्यकीय समितीनें १९६४ सालीं मान्यता नाकारली!

आपल्याकडे मात्र हा धीर कधीं कधीं सुटतो. २०१२ सालीं मुंबईंत विलेपार्ले भागांत एका क्रुसाच्या पायांतून पाणी ठिबकूं लागलें व तें तीर्थ म्हणून नेण्यास गर्दी लोटली. एका बुद्धिवादी गृहस्थांनीं जागेची पाहणी करून, तुंबलेल्या गटाराचें पाणी भिंतींतून झिरपत वर चढतें, असें दाखविलें. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या फिर्यादी झाल्या व अखेर ते देश सोडून गेले. त्यांच्या बोलण्यांतील कठोरपणाबद्दल कोणास वाईट वाटलें असेल. तथापि त्यांचें निदान खोटें असतें तर तें पाहणीनेंच खोटें ठरलें असतें. सत्य हें देवाचेंच असल्यामुळें त्याच्या शोधाला आपण भिण्याचें कारण काय? ज्या प्रभूनें संशयी थोमाला आपल्या जखमा दाखविल्या, त्यानें त्याला पोलिसांच्या हवालीं केलें नाहीं.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानें १७४८ सालीं असा युक्तिवाद केला कीं, निसर्गनियमांच्या बाजूनें सर्वांचा अनुभव उभा असल्यामुळें चमत्काराची साक्ष नेहमींच हलकी ठरेल. पण सर्वांचा अनुभव एकसारखाच आहे कीं नाहीं, हाच तर वादाचा मुद्दा आहे! तो आधींच गृहीत धरला तर चौकशीच उरत नाहीं. शास्त्र निसर्गाची नित्याची चाल सांगतें. त्या चालीच्या कर्त्याला हात आंखडून बसण्यास भाग पाडण्याचा अधिकार शास्त्रानें कधीं मागितलेला नाहीं. आपल्या श्रद्धेचा पाया झेवियर यांच्या देहावर नाहीं, तर प्रभूच्या पुनरुत्थानावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असें प्रेषित पौल स्पष्ट सांगतो.

सप्टेंबरांत हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस जाणारी माउली कडेवर आजारी लेंकरूं घेऊन मेणबत्ती लावते, तेव्हां तिला पोथ्यांतला वाद ठाऊक नसतो. तिची ती मेणबत्ती कोणीही विझवूं नये. पण तिनेंही डॉक्टरांचें औषध बंद करूं नये. तें औषध शोधणारी बुद्धि देवानेंच दिलेली आहे. आणि तिचें लेंकरूं उद्यां मोठें होऊन “हें खरें काय?” असें विचारील, तेव्हां त्याला गप्प न बसवितां जवळ बसवून घ्यावें आणि जें खरें तें, जेवढें खरें तेवढेंच, सांगावें. या महोत्सवाच्या वर्षीं एवढा निर्धार आपल्या घराघरांतून झाला, तर तोही लहानसा चमत्कारच म्हणावयाचा.